नेमाबाहेरच्या दोन बादल्या

"हात काढा," हे म्हणाले.

येमूलांनी अँप्लिफायरच्या पत्र्यावर टेकवलेला तळहात उचलला. दोन्ही स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज भरून आला, दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी चालू असावी तसा.

"ठेवा."

हात ठेवला. आवाज निम्म्यावर आला.

"छान. म्हणजे उद्या रणदिवे येतील तेव्हा तुम्ही दोन तास असाच हात ठेवून बसा. आशीर्वाद देताय म्हणून सांगू त्यांना."

येमूल हसले नाहीत. जमिनीवर उकिडवे बसले होते, अनवाणी. सदरा पाठीला चिकटला होता. पंख्यामुळे हमिंग येतं का ते पाहायला आदल्या दिवशी पंखा बंद केला होता, आणि तो परत लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी दारात पन्ह्याचे दोन पेले घेऊन उभी होते.

"वैनी, तेवढं तिथंच ठेवा," येमूल म्हणाले. "हात मोकळा न्हाई."

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरातला वैशाख, शुद्ध दशमी. दुसऱ्या दिवशी पुण्याहून रणदिवे यायचे होते. त्यांचं तिकडे भारी भारी साउंड सिस्टीमचं दुकान होतं, आणि येमूलांनी स्वतःच्या हातानं बनवलेला, दीड वर्ष आमच्याकडे वाजत असलेला, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर ऐकायला ते मुद्दाम गाडी काढून येणार होते. आवडला तर तसे सहा बनवून दुकानात ठेवायचे, पुढच्या पट्टीवर येमूलांनी दिलेलं नाव घालून. येमूलांनी नाव ठरवलंसुद्धा होतं. 'नरसय्या'. त्यांच्या वडिलांचं. वडील हातमागावर होते. त्यांच्या कांड्या भरायच्या चरख्यावरच येमूल ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळायचे. एरवी साखर पेठेत त्यांचं मिक्सर-इस्त्री दुरुस्तीचं दुकान. सहा अँप्लिफायर गेले असते तर ते दुकान त्यांना बंद करता आलं असतं.

आणि चार दिवसांपासून हे हमिंग.

ह्यांनी आणि येमूलांनी काय काय करून पाहिलं त्याची गणती नाही. रेकॉर्ड प्लेअर काढून ठेवला, आवाज तसाच. व्हॉल्व्ह बदलले. प्लग उलटा घालून पाहिला. केबल एकमेकींपासून वीतभर दूर केल्या. घरातल्या ट्यूबलाइट बंद, फ्रिज बंद, पाण्याची मोटर बंद. येमूलांनी एका शंभरच्या बल्बला दोन वायरी जोडून अर्थिंग तपासलं. बल्ब लागला. म्हणजे अर्थिंग आहे. हे प्रत्येक वेळी "आता लावा" म्हणायचे, येमूल लावायचे, आणि दोघं मान वाकडी करून ऐकायचे. मीही स्वयंपाकघरातून ऐकायची.

माझे नेम साधे आहेत. पहाटे अंघोळ, तुळशीला एक तांब्या पाणी, पोथीचा एक अध्याय, मग चहा. गुरुवारी एकदाच जेवण. एकादशीला दिवा लागेपर्यंत मौन. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी धरलेले, एकही मोडलेला नाही. ह्यांना देवाधर्माचं काही नव्हतं, पण आडकाठीही नव्हती. "तुझे देव तुझ्याजवळ, माझे माझ्याजवळ," म्हणायचे. हे एक्स-रेचे डॉक्टर. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांची हाडं बघायची आणि संध्याकाळी गाणं ऐकायचं.

ह्यांचे देव वाढत गेले, तशी माझ्या देवांची जागा कमी होत गेली. आमच्या बंगल्यात देवघराची वेगळी खोली होती. तिची लांबी, रुंदी आणि उंची ध्वनीला बरोबर जुळते असा ह्यांचा हिशेब निघाला. माझे देव स्वयंपाकघरात फ्रिजवरच्या फळीवर आले. आरतीची घंटा भिंतीपलीकडे ऐकू जाते म्हटल्यावर तिच्या लोलकाला मी मऊ फडकं बांधलं.

स्पीकर निवडायचे होते तेव्हा दोन जोड आठ दिवसांच्या बोलीवर घरी आणले होते. मध्ये पडदा लावून ह्यांनी मला खुर्चीत बसवलं. ह्यांचे मित्र डॉक्टर होनराव होते, आणि कोपऱ्यात वायरी बदलायला येमूल.

"इंदू, डोळे मीट. पहिला की दुसरा?"

"दुसरा."

"का?"

"बाई श्वास घेते ते ऐकू येतं."

होनराव हसले. "वहिनी, गाणं ऐकायचं की दमा तपासायचा?"

"अगं, पहिल्यातला खालचा स्वर बघ. छातीवर येतो माणसाच्या," हे म्हणाले.

"वैनींचं बरोबर हाय, डॉक्टर," कोपऱ्यातून येमूल म्हणाले. "पैला जोड मोठं बोलतो. दुसरा खरं बोलतो."

"खरं बोलणारी एक आहे घरात. तेवढी पुरे," हे म्हणाले, आणि पहिला जोड ठेवून घेतला.

त्या घरात माझ्या बाजूनं कुणी बोललं असेल तर ते तेवढं एकदा.

अर्थिंगचा खड्डाही येमूलांनीच केला. परसात तुळशीजवळची जमीन ओली असते म्हणून ती जागा निवडली, पण खड्डा चार हात लांब घेतला. "खड्ड्यात मीठ-कोळसा पडणार. तुळशीला मिठाचा त्रास नको," म्हणाले. तांब्याची पट्टी पुरली, वर एक नळकांडं उभं केलं, भोवती फरशी बसवली. हे तेव्हा दवाखान्यात होते.

"वैनी, हे तुम्हालाच सांगतो. डॉक्टर इसरतील," येमूल म्हणाले. "आपल्या सोलापूरचं ऊन तुम्हाला ठावं हाय. जमीन वाळली की अर्थिंग मेलं. बल्ब लावून बघितलं तर लागतो, पण मशीनला पुरत न्हाई. सकाळी तुळशीला पाणी घालताव न्हवं, तवाच ह्या नळकांड्यात दोन बादल्या. रोज. तुमचा नेम हाय म्हणून सांगतो."

"घालीन," मी म्हटलं.

आणि घालत होते. आधी तुळशीला तांब्या, मग नळकांड्यात दोन बादल्या. दीड वर्ष. घर ज्या शांततेचं एवढं कौतुक करायचं ती मी रोज सकाळी दोन बादल्यांनी भरत होते, आणि ते येमूलांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मला त्याचं सुखच वाटायचं.

अक्षय्य तृतीयेला चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू होतं होनरावांकडे. मी चारला गेले, साडेसहाला आले. स्वयंपाकघरात फ्रिज नव्हता. तो मागच्या पडवीत गेला होता, कारण त्याची मोटर चालू-बंद होताना स्पीकरमध्ये टक् वाजायचं. ज्या फळीवर देव होते तिच्यावर व्होल्टेज स्टॅबिलायझर बसला होता.

"अहो, देव कुठं आहेत?"

"आहेत गं. नीट ठेवलेत." ह्यांनी पडवीतलं स्पीकरचं रिकामं खोकं दाखवलं. "रणदिवे येऊन जाईपर्यंत. परदेशी पॅकिंग आहे, ओरखडा उठायचा नाही."

मी खोकं उघडलं. थर्माकोलला ठिकठिकाणी खाचा होत्या, वस्तू हलू नये म्हणून असतात तशा. एका खाचेत अन्नपूर्णा आडवी. एकीत शाळिग्राम. बाळकृष्ण लहान म्हणून त्याच्याभोवती वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता. सकाळी वाहिलेलं गंध तसंच ओलसर होतं, त्याला थर्माकोलचे दाणे चिकटले होते. चपला घालून हे काम केलेलं होतं, ते मला फळीखालच्या चपलांच्या धुळीवरून कळलं.

"रागावलीस?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर. चहा टाक."

मी चहा टाकला.

ह्यानंतर तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी हे गाणं ऐकायला बसले आणि उठून बाहेर आले. "इंदू, हे काय वाजतंय?"

तर ती दशमी. संध्याकाळी सहापर्यंत दोघं खाली बसून होते. शेवटी येमूल म्हणाले, "घरी आणखी एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळलेला हाय, उद्या तो बसवतो. ह्यात माझा एखादा वेढा चुकला असंल."

"असेल नाही, असणारच. चरख्यावर गुंडाळताय," हे म्हणाले.

एकादशीला सकाळी आठलाच येमूल आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, कपाळाला विभूती. ट्रान्सफॉर्मर चादरीत गुंडाळून आणला होता. दोन तास सोल्डरिंगचा वास घरभर होता. मी पहाटेच परसात तुळशीला तांब्या घातला होता, खोक्यापाशी बसून पोथी मनातल्या मनात वाचली होती. साडेदहाला ह्यांनी "लावा" म्हटलेलं ऐकू आलं, आणि मग घूंऽऽ.

मग येमूल स्वयंपाकघराच्या दारात आले. मी भगर निवडत होते. त्यांनी खिडकीतून परसात पाहिलं. तुळशीची माती ओली होती.

"वैनी, एक इचारतो. राग मानू नका. हात लावला की आवाज उतरतोय, म्हणजे माझं मन अर्थिंगकडं जातंय. बल्ब लागतोय, पण बल्बचं काय खरं न्हाई. त्या नळकांड्यात पाणी चालू हाय न्हवं? दोन बादल्या?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"आज मौन हाय तुमचं," त्यांच्या लक्षात आलं. "नुसती मान हलवा."

मी मान हलवली. होय अशी.

"मग अर्थिंगचा दोष न्हाई," ते म्हणाले. "माझ्याच हाताचा हाय." आणि आत गेले.

तृतीयेनंतर मी नळकांड्यात एक थेंब घातला नव्हता. चतुर्थीला पहाटे तुळशीला तांब्या घालून झाल्यावर बादल्या भरल्या, आणि तिथेच ओट्यावर ठेवून आत आले. त्या दोन बादल्या माझ्या नेमात नव्हत्या. नेम तांब्याचा होता, तो मी रोज पाळला. आठ दिवसांत जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. मला ह्यांची फजिती हवी होती. रणदिव्यांसमोर, त्या खोलीत, जिथे माझे देव होते तिथे. मध्ये येमूल उभे आहेत हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. मी त्यांना पन्हं नेऊन देत होते. आणि वाटत होतं, अजून दोन दिवस आहेत, उद्या घालीन. मग वाटलं, परवा. एकादशीला सकाळी त्यांचा पांढरा सदरा पाहिला तेव्हाही वेळ गेली नव्हती. त्यांनी विचारलं तेव्हाही नव्हती. दोन बादल्या ओतायला किती वेळ लागतो?

मौन धरलं की माणसाला खोटं बोलता येत नाही, अशी माझी समजूत होती. त्यासाठीच तर मी ते धरलं होतं.

अकराला रणदिवे आले. पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ. बूट बाहेर काढून आत गेले, मांडी घालून बसले. मी दाराच्या फटीतून पाहत होते. ह्यांनी एक रेकॉर्ड लावली, मग दुसरी. दुसरी अर्धी झाल्यावर रणदिव्यांनी हात वर केला.

"येमूल, सूर फार गोड आहे," ते म्हणाले. "इतका गोड मी फार कमी ऐकलाय. पण रेकॉर्ड थांबली की काहीतरी उरतं ना मागे. आमचं गिऱ्हाईक आधी शांतता ऐकतं, मग गाणं."

"साहेब, दीड वर्ष ह्यात आवाज नव्हता. डॉक्टरांना इचारा. मला पंधरा दिवस द्या."

"अवश्य. झालं की कळवा." पण ते उठले होते, आणि ज्या तऱ्हेनं उठले त्यावरून सगळ्यांना कळलं.

गाडी गेल्यावर हे फाटकातून परत आले. आवाज चढवून बोलायची ह्यांची पद्धत नव्हती. रिपोर्ट सांगावा तसं बोलायचे.

"येमूल, चूक माझी. मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला मी कारागीर समजलो. वडिलांचं नाव घालायला निघाला होतात तुम्ही. बरं झालं घातलं नाहीत. ते बिचारे निदान चादरी तरी सरळ विणत असतील."

येमूलांनी प्लग काढला, एकेक व्हॉल्व्ह उपसून खिशातल्या रुमालात गुंडाळला, आणि अँप्लिफायर सकाळच्याच चादरीत बांधला. ते ओझं वीस किलोचं तरी असेल. पाठीवर घेऊन ते पडवीतून गेले. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "येतो वैनी. तुमची एकादस मी आवाजानं खराब केली."

मला रिक्षा बोलवून देता आली असती. थांबा म्हणता आलं असतं. दिवा लागायला अजून सात तास होते, आणि नेम मोडायचा नाही ह्याचा मला त्या क्षणी आधार वाटला. एवढं खरं आहे.

द्वादशीला उपवास सोडण्याआधी मी नळकांड्यात दोन बादल्या ओतल्या. मग आणखी दोन. जमीन पाणी पीत होती ते ऐकू येत होतं. महिनाभरात ह्यांनी परदेशी अँप्लिफायर आणला. लावला, आणि खोलीत चिडीचूप. "बघ," हे म्हणाले, "यंत्र असं असतं." देव फळीवर परत आले होते. मी त्यांना हळद-कुंकू वाहिलं आणि काही बोलले नाही.

बोलायचं ठरवलं ते गेल्या वर्षी, हे गेल्यावर. मुलानं ती सगळी सिस्टीम बंगळुरूला नेली. खोली रिकामी झाली. एक दिवस मी रिक्षानं साखर पेठेत गेले. हातात काहीतरी असावं म्हणून मिक्सर घेतला होता, चांगला चालणारा.

दुकान तेच होतं, दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर भरून जाईल एवढं. टेबलफॅन, इस्त्र्या, मिक्सरची भांडी. येमूलांच्या चष्म्याची भिंगं जाड झाली होती. ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

"वैनी, तुम्ही? फोन केला असता तर मी आलो असतो की." त्यांनी मिक्सर घेतला, फिरवून पाहिला. "ह्याला काय झालंय?"

"काही नाही झालं. येमूल, मला तुमच्याशी त्या अँप्लिफायरचं बोलायचं होतं."

"ते होय." ते स्टुलावर टेकले. "तुम्हाला अजून आठवतं? त्यात दोष सापडला होता मला. घरी नेऊन सगळा ट्रान्सफॉर्मर उलगडला. चारशे अकराव्या वेढ्याला तार सैल हुती."

"सापडला?"

"सापडतो की. उलगडत बसलं की सापडतोच काय ना काय. त्याच्यापुढं मग मी गुंडाळलं न्हाई. हात तेवढा साफ न्हाई म्हटलं आपला. हे मिक्सरचं बरं. वाजलं तरी कोण काय म्हणत न्हाई."

"तार सैल नव्हती," मी म्हटलं. "म्हणजे असेल, पण दोष तो नव्हता. येमूल, त्या आठ दिवसांत मी नळकांड्यात पाणी घातलं नव्हतं. मुद्दाम. ह्यांच्यावर राग होता माझा. तुम्ही विचारलंत तेव्हा मी मान हलवली ती खोटी. दुसऱ्या दिवशी पाणी ओतलं आणि अर्थिंग नीट झालं. तुमचा अँप्लिफायर चांगला होता. सगळ्यात चांगला होता."

इतकी वर्षं मी ही वाक्यं जुळवली होती. न अडखळता म्हणून झाली. येमूल माझ्याकडे टक लावून पाहत होते. मला वाटलं आता ते उठतील. त्यांनी उठावं, काहीतरी बोलावं, मिक्सर रस्त्यावर फेकावा. त्यासाठीच मी आले होते.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसले.

"वैनी," ते म्हणाले, "उगं माझ्यासाठी पाप डोक्यावर घेऊ नका."

"येमूल, मी खरं सांगतेय."

"मी पाणी बघितलं हुतं. तुळस वली हुती. आन् तुमची मान मी बघितली. दुसऱ्या कुणाची असती तर मी बाहेर जाऊन नळकांड्यात काठी घालून बघितली असती. तुमची हुती म्हणून न्हाई बघितली."

"म्हणूनच म्हणते मी, तिथेच..."

"राहू द्या आता." त्यांनी मागच्या पडद्याकडे तोंड करून हाक मारली. "अगं नागमणी, बाहेर ये. डॉक्टरांच्या वैनी आल्यात. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून एवढ्या उन्हाचं खोटं बोलाय आल्यात. जल्मात पैल्यांदा बोलल्या असतील."

पडदा सरला. त्यांची बायको पदर डोक्यावर ओढत बाहेर आली, हात ओले होते ते तिनं लुगड्याला पुसले. मला एकदा नीट पाहिलं आणि पाया पडायला ती वाकली. मागे टेबलफॅनची रास होती, बाजूला काउंटर. मला पाय मागे घ्यायला जागा नव्हती.